अवक्रयी व सामान्य भोग

पं. शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें मुद्रित केलें, तेव्हांपासून त्यांतील राजनीतीविषयीं विपुल लेखन झालें आहे. तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांतील गृहवास्तूच्या नियमांकडे मात्र त्या मानानें थोडें लक्ष गेलें. भाड्यानें राहणाऱ्यास घराच्या सामायिक जागा वापरण्याचा अधिकार किती, हा प्रश्न केवळ आजचा नव्हे, हें त्या नियमांवरून दिसून येतें.

भाडेकरूस कौटिल्य ‘अवक्रयी’ म्हणतो. नको म्हटलें असतांही राहणारा व अवक्रयीस हांकलून देणारा, या दोघांसही बारा पण दंड सांगितला आहे. चोरी, साहस इत्यादि अपराध घडल्यास मात्र हांकलणाऱ्यास दोष नाहीं. आपण होऊन जाणाऱ्यानें वर्षाचें उरलेलें भाडें द्यावें. यालाच लागून सामायिक घराचा नियम येतो: तेथें साहाय्य न देणारा व सामायिक वस्तूचा भोग अडविणारा, यांसही बारा पण, नासधूस करणाऱ्यास त्याच्या दुप्पट.

अध्यायाच्या अंतिम श्लोकांत सामायिक भोगाचीं स्थळें दिलीं आहेत. अग्निशाळा, कांडण्याची शाळा व सर्व उघड्या जागा यांविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो कोठ्या व अंगण यांविषयीं. ‘वर्ज’ हा पाठ घेतल्यास हीं दोन्हीं वगळावीं लागतात. शामशास्त्री यांचें इंग्रजी भाषांतर याच अर्थाचें आहे. ‘वर्च’ हा पाठ घेतल्यास शौचस्थानासह तीं सर्वांस मोकळीं होतात. एका अक्षरानें अंगणाचें दार उघडतें किंवा मिटतें! आम्हांस दुसरा पाठ ग्राह्य वाटतो. सर्व उघड्या जागा सामायिक म्हणावयाच्या आणि घरांतील सर्वांत उघडी जागा जें अंगण, तेंच वगळावयाचें, हें विसंगत होय. शिवाय याच अध्यायांत उकिरडा, मोरी व विहीर यांचे नियम आले असल्यानें शौचस्थानाचा उल्लेख तेथें अप्रस्तुत नाहीं.

श्लोकांत अवक्रयीचें नांव नाहीं, तेव्हां हा नियम भाऊबंदांपुरताच असावा, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु अवक्रयीच्या नियमांशीं त्याचें सान्निध्य उघड आहे. आणि ग्रंथकारानें शब्द योजिला तो ‘भोग’, ‘स्वाम्य’ नव्हे. स्वाम्य व भोग यांतील भेद धर्मशास्त्रांत सुप्रसिद्ध आहे. जो वसतो त्याला भोग, हाच येथील आशय आम्ही समजतों.

आधुनिक कायदाही या दिशेनें गेला, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २४ नें भाडेकरूस मिळत असलेल्या आवश्यक सोयी योग्य कारणावांचून तोडण्यास मालकास मनाई केली. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्यें तीच तरतूद आहे. तींत पाणी, वीज, जिन्यांतील दिवे, उद्वाहक व स्वच्छता यांचीं नांवें आहेत. अंगण, गच्ची व बाग यांचीं नाहींत. म्हणजे ‘वर्ज’ कीं ‘वर्च’ हा वाद पोथीबाहेरही मिटलेला नाहीं. भाडेकरूचीं मुलें अंगणांत खेळूं शकतील किंवा नाहीं, हें अजून पुष्कळ ठिकाणीं मालकाच्या मर्जीवर राहिलें आहे. कौटिल्यानें तें मर्जीवर न सोडतां दंडाच्या कक्षेंत आणिलें होतें, एवढें ध्यानीं घ्यावें.