बसप्राधान्य उपाय व शासकीय अर्थसाहाय्य : उज्जैन

सार्वजनिक बस इतर वाहनांच्या कोंडीत न अडकता वेळेवर धावावी, यासाठी रस्त्यावर केलेल्या व्यवस्थांना बसप्राधान्य उपाय म्हणतात. बससाठी राखीव मार्गिका, चौकात बसला आधी वाट देणारे सिग्नल आणि थांब्यालगत वाहने उभी करण्यास मनाई हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने व्हावी, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मांडले.

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात उज्जैनचा समावेश तीर्थक्षेत्र म्हणून झाला. दहा लाखांहून कमी वस्तीच्या अशा शहरांतील प्रकल्पांचा ८० टक्के खर्च केंद्र उचलत असे, तर पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी हे प्रमाण ५० टक्के होते. याच अभियानातून पुण्यात (२००६) आणि इंदूर व भोपाळ येथे (२०१३) बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकांवरील जलद बससेवा, उभी राहिली. २००९ पासून बसखरेदीलाही साहाय्य मिळू लागले आणि उज्जैनला त्यातून शहर बससेवेसाठी गाड्या मिळाल्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेचे दोन भाग आहेत. पहिल्यात १६९ शहरांसाठी १०,००० विजेच्या बस असून त्यांच्या संचालनाला दहा वर्षे साहाय्य मिळते. या भागात उज्जैनसाठी १०० बस ठरल्या. दुसऱ्या भागात, १८१ शहरांतील हरित वाहतूक उपक्रमांमध्ये, बसप्राधान्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

या दोन भागांचा परस्परसंबंध साध्या हिशेबाने कळतो. जाऊन-येऊन ८० मिनिटे लागणाऱ्या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस सोडायची, तर आठ गाड्या लागतात. कोंडी टळून फेरी ७० मिनिटांवर आली, तर तेवढ्याच सेवेला सात पुरतात आणि आठवी गाडी दुसऱ्या वस्तीला देता येते. महाकाल आणि शिंदेकालीन गोपाळ मंदिराच्या परिसरातील अरुंद रस्त्यांवर स्वतंत्र मार्गिकेला जागा काढणे कठीण असल्याने तेथे पार्किंगबंदी व एकेरी वाहतूक, तर देवास गेट व नानाखेडा या बसस्थानकांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सिग्नलमधील प्राधान्य अधिक व्यवहार्य ठरते. सिंहस्थ कुंभमेळ्यात (२०१६, पुढील २०२८) खासगी वाहने शहराबाहेर थांबवून भाविकांना बसने आत आणण्याची गरज तीव्र होते, आणि त्या काळासाठी आखलेली शिस्त एरवीही टिकवली, तर तिचा लाभ रोजच्या प्रवाशाला मिळतो.

भोपाळमधील बीआरटी मार्गिका २०२४ पासून हटवण्यात आल्या आणि इंदूरमधील हटवण्यास २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मान्यता दिली. निधीतून मार्गिका बांधता येते. ती राखण्यासाठी मात्र महापालिका, वाहतूक पोलीस आणि नागरिक यांचा टिकाऊ निर्धार लागतो, हा या शेजारी शहरांचा अनुभव उज्जैनच्या नियोजनात मोलाचा आहे.