मोटार वारंवार जळते? आधी वायर तपासा

उन्हाळ्याच्या तोंडावर गृहनिर्माण संस्थांमध्ये हमखास उद्भवणारे संकट म्हणजे पाण्याच्या पंपाची मोटार जळणे. मोटार रिवाइंडिंगला जाते, चार दिवस टँकर मागवावे लागतात आणि दुरुस्त होऊन आलेली मोटार त्याच जुन्या वायरला जोडली जाते. काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. मोटारीचा दर्जा, बोअरमधला गाळ, विजेचा कमी दाब अशी कारणे सभेत मांडली जातात आणि ती खरीही असू शकतात. पण मीटर रूमपासून मोटारीपर्यंत गेलेली वायर पुरेशी जाड आहे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

वायरच्या मापाविषयीचा गोंधळ दुकानातच सुरू होतो. 'दीड एमएम', 'अडीच एमएम' हे बोलीतले शब्द तारेची जाडी सांगत नाहीत. ते तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ असते, चौरस मिलिमीटरमध्ये. जुने वायरमन अजूनही 'सात-बावीस' म्हणतात, म्हणजे २२ गेजच्या सात तारा. तिचे क्षेत्रफळ आजच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या थोडे वर जाते. बाहेरून दिसणाऱ्या जाडीत प्लास्टिकचे आवरणही असते. त्यामुळे बोटांनी चाचपून वायर निवडणे व्यर्थ होय. आवरणावर छापलेले माप आणि 'आयएस ६९४' हा मानक क्रमांक वाचावा.

मोटार किती हॉर्सपॉवरची, यावरून वायर ठरवण्याची पद्धत रूढ असली तरी ती अपुरी आहे. वायरला हॉर्सपॉवर कळत नाही, अँपिअर कळतात. सिंगल फेजची एक हॉर्सपॉवरची मोटार साधारण ६ ते ७ अँपिअर घेते, तर थ्री फेजवरची पाच हॉर्सपॉवरची मोटारही प्रत्येक फेजमधून साडेसात अँपिअरच्याच आसपास घेते. म्हणून मोटारीच्या नावपट्टीवरचा पूर्ण भाराचा प्रवाह पाहावा आणि त्याच्या किमान सव्वापट प्रवाह सोसणारी वायर घ्यावी. ७ अँपिअरला सव्वापट म्हणजे पावणेनऊ. हे ओझे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सहज वाहते, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. वायर तापत नाही, म्हणजे ती योग्य आहे, असा समज होतो.

खरा हिशेब अंतराचा आहे. समजा, मीटर रूमपासून बोअर २० मीटरवर आहे आणि पंप ४० मीटर खोल सोडलेला आहे. ही झाली ६० मीटर वायर. वीज जाऊन परत येते, म्हणून प्रवाहाची वाट १२० मीटर. बोअरची खोली या हिशेबात धरायची असते, हे अनेकदा विसरले जाते. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो. ७ अँपिअरला या वाटेत ११ व्होल्ट गळतात, म्हणजे २३० व्होल्टच्या जवळपास पाच टक्के. अडीचच्या वायरमध्ये ही घट पावणेसात व्होल्ट, चारच्या वायरमध्ये सव्वाचार. घट तीन टक्क्यांच्या आत राहावी, पाचच्या पुढे जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दीडची वायर म्हणजे काठावर उभी.

पाच टक्क्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. चालू मोटारीचे फारसे नाही. प्रश्न सुरू होण्याच्या क्षणाचा आहे. त्या वेळी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पाचपट म्हणजे ३५ अँपिअर धरले, तर ढोबळ हिशेबाने दीडच्या वायरमध्ये ५६ व्होल्ट गळतात आणि मोटारीपाशी १७४ उरतात. फिरण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो ५७ टक्क्यांवर येतो. अडीचच्या वायरने तो ७३ टक्के मिळतो, चारच्या वायरने ८३. संध्याकाळी मूळ दाबच २०० व्होल्टवर आला असेल, तर दीडच्या वायरवर हा जोर निम्म्याच्याही खाली जातो. मग मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि त्या अवस्थेत वायंडिंग भराभर तापते. वायंडिंगचे तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले, तर आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे.

अशा वेळी एमसीबी पडू लागला की मोठा एमसीबी बसवण्याचा उपाय केला जातो. हा उपाय धोक्याचा आहे. एमसीबी मुख्यतः वायरचे रक्षण करतो. त्याची क्षमता वायरच्या क्षमतेपेक्षा वाढवली, तर वायर जळेल पण तो पडणार नाही. मोटारीसाठी स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले असतो आणि तो नावपट्टीवरच्या प्रवाहावर लावायचा असतो.

गच्चीवर उन्हात तापणाऱ्या पाइपमधून किंवा एकाच पाइपमधून अनेक वायर नेल्या असतील, तर एक माप वरचे घ्यावे. विदर्भात तर नक्कीच. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट, त्यामुळे तीही एक पायरी वर. मधल्या सांध्यांविषयी काय सांगावे! नुसती पिळून टेप गुंडाळलेली एक जोडणी जाड वायरचा सारा लाभ घालवू शकते.

आपल्या इमारतीतली स्थिती परवानाधारक वायरमनकडून तपासून घेता येते. मोटार चालू असताना मीटर रूममधला दाब आणि बोअरजवळच्या जोडणीतला दाब मोजावा. दोहोंतला फरक म्हणजे जमिनीवरच्या वायरमधली घट. बोअरच्या आतली घट मात्र हिशेबानेच काढावी लागते. आतली केबल बदलायची तर पंप वर काढावा लागतो आणि त्याची मजुरी वेगळी पडते. त्यामुळे मोटार दुरुस्तीसाठी वर आली असेल, त्याच वेळी केबलचे माप तपासून गरज असल्यास ती बदलून घेणे स्वस्त पडते.