अर्जदाराने समक्ष हजर राहावे

बेटेगावहून बोईसर किंवा पालघरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक हवा असेल, तर करायचा अर्ज जेमतेम पानभराचा असतो. नाव, आसनक्रमांक, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, लेखनिकाचे नाव आणि शिक्षण, खाली प्राचार्यांची शिफारस. खरे काम आहे ते त्याला जोडायच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे. दिव्यांगांच्या शिक्षणाचा इतिहास कायद्यांच्या सालांवरून सांगायची आपल्याकडे रीत आहे: 1995, 2016, मधले काही शासननिर्णय, काही न्यायनिवाडे. तो सांगायला हवा अंतरावरून. ज्या कार्यालयात ‘समक्ष हजर’ राहिल्याशिवाय सोय मिळत नाही ते कार्यालय विद्यार्थ्याच्या घरापासून किती लांब होते, यावर कायद्यातले किती त्याच्या वाट्याला आले हे ठरत गेले. पालघरच्या पट्ट्यात हे फार स्पष्ट दिसते.

सुरुवातीला तर शाळाच लांब होती. बहिऱ्या मुलांची संस्था मुंबईत 1880च्या दशकात निघाली. अमेरिकन मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा 1900 साली सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा 1902 सालची. पुढे 1952 मध्ये ‘नॅब’ ही अंधांची राष्ट्रीय संस्थाही मुंबईतच उभी राहिली. या संस्थांनी केलेले काम मोठे आहे, पण तारापूर किंवा मनोरकडच्या अंध मुलाला शिकायचे तर घर सोडून शंभरेक किलोमीटरवरच्या वसतिगृहात राहावे लागे. नेहमीच्या शाळेतच अशा मुलांना सामावून घेण्याची केंद्राची योजना 1974 मध्ये आली. तोवर गावातली शाळा त्यांच्यासाठी नव्हतीच, आणि जिथे शाळा नव्हती तिथे विद्यापीठाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मुंबई विद्यापीठ 1857चे. पण त्याच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळणे ही दीर्घकाळ मेहेरबानीची बाब राहिली. अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य म्हणून देशाच्या कायद्यात लिहिले गेले ते 1995च्या कायद्यात, आणि तो फेब्रुवारी 1996 मध्ये अमलात आला.

त्याच 1996 साली महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. केंद्राच्या कायद्यातल्या सात प्रकारांत ही अक्षमता नव्हती, त्यामुळे राज्याचे हे पाऊल खरोखर पुढचे होते. मात्र त्या सवलतीसाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशा तिघांची तपासणी लागे आणि ती होई मुंबईच्या मोजक्या रुग्णालयांत. शीवचे टिळक रुग्णालय त्यांतले ठळक. एका खेपेत हे काम उरकत नसे. शीवच्या आसपासच्या मुलाच्या शाळेचे एक-दोन दिवस बुडत. बोईसरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या बापाचे तितक्याच दिवसांचे खाडे. सवलत कागदोपत्री राज्यभर होती, पण ती शहरी, इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे लाड आहेत असा समज पसरला, तो कशामुळे हे यावरून उमगावे. ती मागायला तेच पोहोचू शकत होते.

इतर प्रकारच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा शल्य चिकित्सकाकडून मिळे, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत हा अधिकारी ठाण्याला बसे. नकाशावर ठाणे जवळ दिसते. पण पश्चिम रेल्वेवरच्या माणसाला थेट गाडी नाही: दादरला उतरायचे, पूल चढायचा, पूल उतरायचा, मध्य रेल्वेची लोकल धरायची, किंवा वसईला उतरून एसटी पकडायची. चालता न येणाऱ्याने आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करायला एवढा प्रवास करायचा! विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल धावू लागली तीही एप्रिल 2013 मध्ये. अपंगांसाठी राखीव डबा असलेली लोकल या स्थानकांवर थांबू लागली ती तेव्हापासून. 1995चा कायदा अमलात येऊन तोवर सतरा वर्षे झाली होती.

यावर आक्षेप येतो तो तोतयेगिरीचा. तपासणी कडक नसेल तर कोणीही उठेल आणि जादा वेळ मागेल, असे म्हणतात. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून मोठे वादळ उठले आणि लोकसेवा आयोगाने ती उमेदवारीही रद्द केली; तेव्हापासून या आक्षेपाला जोर आला आहे. आक्षेप पोकळ नाही. पण लांब पल्ला आणि हेलपाटे यांची चाळणी कोणाला गाळते ते पाहावे. ज्याच्याकडे पैसा आणि ओळखपाळख आहे, तो लांबच्या कार्यालयातूनही कागद आणतो. गळतो तो खरा गरजू. शिवाय राखीव जागा आणि परीक्षेतला लेखनिक यांना एकच माप लावण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021च्या विकाश कुमार निकालात नेमके हेच सांगितले. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निर्णय. नोकरीतल्या आरक्षणासाठी टक्केवारी लागते. उत्तर कागदावर उतरवण्याच्या सोयीसाठी गरज पाहायची.

दुसरा आक्षेप बरोबरीचा: एकाला तीन तास आणि दुसऱ्याला चार, हा कुठला न्याय? केंद्राच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटे जादा धरली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा तास विचार करायला नसतो. उत्तर तोंडाने सांगायचे, लेखनिकाने ते उतरवायचे, मग वाचून दाखवायचे, चुकले तर खोडून पुन्हा; आणि 2018च्या सुधारित सूचनांनुसार विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा अशी अट होती; अशा लेखनिकाला रसायनशास्त्रातले एखादे समीकरण अक्षर-अक्षर, आकडा-आकडा सांगावे लागते. यात तास कधी सरतो कळत नाही.

पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पुरावा परीक्षेच्या वर्गात नाही, डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. 1957 मध्ये ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती दिवसभर गुरांमागे असतात, हे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पाहिले आणि शाळाच कुरणात नेली. पोराने गुरे राखायची आणि तिथेच शिकायचे. साहित्य घेऊन शिक्षक त्याच्याकडे जाणार. या कुरणशाळेत कोणी मुलाकडे तो गुराखी असल्याचा दाखला मागितला नाही. कोणी म्हणेल, गुराखी मुलाची अडचण आणि अंध मुलाची अडचण एक नव्हे. बरोबर, पण प्रश्न अडचणीच्या स्वरूपाचा नाही, जुळवून कोणी घ्यायचे याचा आहे. तो या जिल्ह्यात सत्तरेक वर्षांपूर्वी, आजच्या कुठल्याही महाविद्यालयापेक्षा कितीतरी तुटपुंज्या साधनांवर, एकदा सोडवून झालेला आहे. छोट्या महाविद्यालयांकडे पैसा नाही ही सबब त्यामुळे अर्धीच खरी वाटते. रॅम्प आणि लिफ्टला पैसा लागतो; परीक्षेची बैठक तळमजल्यावर लावायला लागत नाही.

2016चा कायदा 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला आणि अपंगत्वाचे सातचे एकवीस प्रकार झाले. अध्ययन अक्षमता त्यांत आली. सिकलसेल हा रक्ताचा आजारही आला, आणि पालघरच्या आदिवासी पट्ट्याला ही नोंद सर्वांत जवळची. पण सोयींची सगळी मांडणी अजून डोळा आणि हात यांच्याभोवती आहे. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला लेखनिक नको असतो. एरवी तो चारचौघांसारखा दिसतो, धावतो. मग अचानक सांधे आणि हाडे असह्य दुखू लागतात आणि तो काही दिवस अंथरुणावर पडतो. त्याला हवी असते 75 टक्के हजेरीच्या अटीत सूट, हुकलेली अंतर्गत चाचणी पुन्हा देण्याची मुभा, प्रात्यक्षिकाला दुसरी तारीख. दुखणे नसलेल्या दिवशी तो वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिला तर त्याची टक्केवारी कितीची भरणार? आणि दुखण्याच्या दिवशी तो तिथवर येणार कसा? या मुलाचे दुखणे ज्याला जवळून माहीत असते तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर. त्याने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी हजेरीच्या सवलतीला पुरेशी मानायची की नाही, हा निर्णय प्राचार्यांच्या पातळीवर होण्यासारखा आहे. त्यासाठी ना जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, ना मंत्रालयात.