जात्याच्या खुंट्याला दुसरा हात : आजारी आई, घरकाम आणि मराठी घर

पुंडलिकाची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. कीर्तनांत, भिंतीवरच्या चित्रांत आणि शाळेच्या गॅदरिंगमध्येही हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला आहे. चित्रात पुंडलिक नेहमी आईवडिलांचे पाय चेपत असतो. त्या दिवशी त्या घरात पाणी कोणी भरले, दळण कोणी दळले आणि म्हाताऱ्या आईला सोसेल असा मऊ भात कोणी शिजवला, हे मात्र कोणतेही चित्र सांगत नाही.

असे विचारण्यात कथेचा अवमान नाही. कथा भक्तीची आहे आणि तिने घरकामाचा हिशेब द्यावा, अशी अपेक्षा गैर ठरेल. पण आजारी आईबापाची सेवा म्हणजे नेमके काय, याची आपली समजूत अशा कथांवर पोसली आहे. पाय चेपणे, औषध देणे, कावडीत बसवून तीर्थाला नेणे ही झाली मुलाची सेवा. चूल पेटवणे, धुणे धुणे, भांडी घासणे हे झाले काम, आणि ते करणाऱ्याचे नाव सांगायची गरज कोणाला वाटली नाही. आई आजारी पडली की ही विभागणी उघडी पडते, कारण बहुतेक घरांत आजारी पडलेली बाईच घरातले काम करणारी असते. तिला दोन गोष्टी हव्या असतात : शुश्रूषा, आणि तिच्या वाटणीचे काम उचलणारा हात. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही.

न थांबणारे काम

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरातला बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे उठून जात्यावर दळायचे. ज्वारी-बाजरीचे पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते, म्हणून दळण जवळजवळ रोजचेच. मग विहिरीवरून किंवा नदीवरून पाणी, सडासारवण, गोठा, चूल, भाकऱ्या. दुपारी कांडण, निवडण-टिपण. राखेने भांडी, घाटावर धुणे, संध्याकाळी पुन्हा चूल. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरी याच्या जोडीला रानातले काम आणि मजुरी. यांतले एकही काम 'उद्या करू' म्हणून ठेवता येत नव्हते. आईला ताप आला तरी पीठ रोज लागणारच होते.

मग जात्यावर कोण बसे? घरात सून असेल तर सून. नसेल तर मुलगी, मग ती आठ-दहा वर्षांची का असेना. तीही नसेल तर माहेरी आलेली विधवा आत्या, मावशी किंवा शेजारीण. शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिची शाळा आधी सुटे.

पुरुषांना ही कामे येतच नव्हती, असेही म्हणता येत नाही. देवाचा नैवेद्य सोवळ्यात रांधणारे पुरुष होते, लग्नकार्यात शेकडो पाने उठवणारे आचारी होते. घरातली एकटी बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसली की अनेक घरांत नवरा किंवा मुलगा चुलीशी जाई. शिकायला परगावी राहिलेली मुले हाताने स्वयंपाक करीत. वारीला निघालेल्या, मोहिमेवर गेलेल्या किंवा तांड्याबरोबर हिंडणाऱ्या पुरुषांनी भाकऱ्या थापल्याच होत्या. मुलगा चुलीपासून लांब राहिला तो लाजेमुळे. सोवळ्याचे, परगावचे किंवा पोटापाण्याचे कारण असेल तर हेच काम पुरुषाला शोभे. आई थकली आहे एवढेच कारण असेल तर ते शोभत नसे.

ओव्यांचा पुरावा

बखरी, दप्तरे आणि सरकारी अहवाल यांत या कामाची नोंद क्वचितच सापडते. ती सापडते जात्यावरच्या ओव्यांत. गी पॉयत्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. मराठी बाईने स्वतःच्या श्रमाबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगितलेला एवढा मोठा दस्तऐवज दुसरा नसेल.

दळणाची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. जड जात्याला दोघी समोरासमोर बसत आणि एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत. सासू-सून, माय-लेक, जावा-जावा अशा त्या जोड्या. आई आजारी पडली की लेक एकटी पडे, किंवा आजारी आईच कण्हत समोर बसे. ओव्यांत माय-लेकीच्या नात्याला एवढे मोठे स्थान का, याचे एक उत्तर या जागेत आहे. ते नाते एकाच खुंट्याला धरून रोज पहाटे घडत होते. मुलगा ओव्यांत कौतुकाने येतो, पण खुंट्याच्या दुसऱ्या बाजूला सहसा बसत नाही.

पैसा मुलाचा, हात सुनेचा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विभागणीला नवे रूप आले. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातून, घाटावरून हजारो तरुण तिकडे गेले. ते चाळीत गाळा वाटून राहत आणि खानावळीत जेवत. बायको बहुधा गावीच राही, कारण गावी शेताचा तुकडा होता आणि म्हातारे आईबाप होते. 1880 मध्ये टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि मुलाच्या कर्तव्याला एक मोजता येणारे माप मिळाले. महिन्याला मनिऑर्डर आली की मुलगा चांगला.

त्या मुलांचे कष्ट कमी नव्हते. कापूस छातीत भरून घेऊन त्यांनी ते पैसे मिळवले होते. पण आजारी सासूला उठवून बसवणारी, तिचे लुगडे धुणारी, पेज करून देणारी बाई त्या हिशेबात आली नाही. मुलगा आईबापाला 'पोसतो' आणि सून 'घरी असते', ही भाषा याच काळात पक्की झाली आणि पुढे कायद्यातही उतरली.

शरीरश्रमाचे व्रत

सेवा आणि काम यांतली भिंत पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न गांधीजींच्या आश्रमांत झाला. गांधीजींनी स्वतः पित्याची शुश्रूषा केली होती. 1885 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, राजकोटला अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची जखम धुणे, औषध देणे, रात्री पाय चेपणे हे ते करीत, आणि त्याविषयी त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ही सेवा पुंडलिकाच्या चित्रात बसणारी होती. पुढे आश्रमात मात्र त्यांनी शरीरश्रम हे व्रतच केले. दळणे, स्वयंपाक, झाडलोट, संडाससफाई ही कामे स्त्री-पुरुष सर्वांची झाली.

त्या आश्रमातले विनोबा भावे 1917 च्या सुमारास अध्ययनासाठी वाईला राहिले. तेथे वाचनालयासाठी पैसे उभे करायला त्यांनी आणि सोबतच्या विद्यार्थ्यांनी लोकांची दळणे दळली. वेदान्ताचा अभ्यास करणाऱ्या ब्राह्मण तरुणांनी जात्यावर बसावे, ही त्या काळच्या वाईत साधी गोष्ट नव्हती. आश्रमात आणि वाचनालयासाठी लाज मोडली होती. स्वतःच्या घरात, आईसाठी ती मोडायची राहिली होती.

श्याम

ते काम मराठीत एका पुस्तकाने केले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत, अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिले आणि 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. डोळ्यांना पाणी आणणारे पुस्तक म्हणून आपण ते ओळखतो. पण घरकामाच्या इतिहासात त्याची जागा वेगळी आहे.

पुस्तकातल्या पहिल्याच रात्रीचा विषय आजारी आईच्या वाटणीचे काम मुलाने करणे हा आहे. आजारपणाने अशक्त झालेल्या आईला वटसावित्रीच्या प्रदक्षिणा घालवत नाहीत, म्हणून ती श्यामला त्या घालायला सांगते. बायकांच्या व्रतात आपण कसे जायचे, लोक हसतील, म्हणून श्यामला लाज वाटते, आणि ही लाज चुकीच्या जागी आहे हे आई त्याला समजावते. चाळीसहून अधिक रात्रींच्या या पुस्तकाची सुरुवात गुरुजींनी इथून केली, हे महत्त्वाचे आहे. पुढे 'अर्धनारीनटेश्वर' नावाच्या रात्री ते विचार स्पष्टच मांडतात : पुरुषाच्या अंगी बाईची कोमलता आणि घरकामाची सवय हवी, बाईच्या अंगी धैर्य हवे, तेव्हा माणूस पुरा होतो.

गुरुजींनी हे नुसते लिहिले नाही. अमळनेरच्या छात्रालयात शिक्षक असताना ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणे आवरत, कपडे धूत. आईच्या हाताखाली शिकलेले काम त्यांनी परक्यांच्या मुलांसाठी केले. बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांनी 'स्त्रीजीवन' सिद्ध केले, त्यामागेही जात्याशी असलेली हीच जवळीक दिसते.

तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पुस्तकातली आई शेवटच्या आजारात पडते तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर असतो. तिची उस्तवार करायला येते ती मावशी. मदतीला असतात शेजारणी. गुरुजींनी ही गोष्ट झाकली नाही. मुलाच्या शिक्षणाची किंमत आईने आणि तिच्या भोवतीच्या बायकांनी कशी मोजली, हे त्या पुस्तकाइतके सरळ फार थोड्या ठिकाणी आले आहे.

1953 मध्ये आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्र रडला. अश्रू पिढ्यान्‌पिढ्या टिकले. प्रदक्षिणेच्या रात्रीचा धडा मात्र त्या मानाने कमी घरांत उतरला.

गिरणी, नळ आणि कायदा

आजारी आईचे ओझे प्रत्यक्षात कमी केले ते यंत्रांनी. पिठाची गिरणी आधी शहरांत आली, आणि 1960 मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर पुढच्या काही दशकांत वीज गावोगाव पोचली तशी खेड्यांतही आली. जाते कोपऱ्यात गेले. नळ, गॅस, कुकर, मिक्सर यांनी पहाटेचे तास वाचवले. यात एक गंमत आहे. दळण डब्यात भरून गिरणीवर न्यायचे झाले, तेव्हा ते काम मुलगेही करू लागले. घराबाहेर, सायकलवरून करायच्या कामाची लाज नव्हती. भाकरी थापणे घरातच राहिले आणि बाईकडेच राहिले.

कायद्याने दुसरा मार्ग धरला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क पत्नी आणि मुलांपुरता होता. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध, अपंग आईवडिलांचा निर्वाह मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकला. 1973 च्या नव्या संहितेत कलम 125 खाली आईवडील आले. विवाहित मुलीचीही ही जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये सांगितले; तो दावा महाराष्ट्रातल्याच एका पित्याचा होता. 2007 च्या कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसाठी न्यायाधिकरणे दिली.

ही सारी वाट योग्यच होती आणि अनेक म्हाताऱ्यांना तिचा आधार मिळाला. पण न्यायालय पैसे मंजूर करू शकते, भांडी घासण्याचा हुकूम देऊ शकत नाही. मनिऑर्डरने सुरू झालेली विभागणी कायद्याच्या हातीही राहिली ती अशी.

आजचा हिशेब

2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या दिवसाचे तास मोजले. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 81.2 टक्के स्त्रिया दिवसभरात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण 26.1 टक्के होते. काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात सरासरी 299 मिनिटे वेळ जाई, पुरुषाचा 97 मिनिटे. जाते गेले, चूल गेली, तरी जवळजवळ पाच तास उरलेच.

आता परिस्थिती आणखी बदलते आहे. कुटुंबे लहान झाली. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत असते आणि असावीच. सून नोकरी करते. आत्या-मावशा घरोघर उरल्या नाहीत. पूर्वी आजारी आईचे काम ज्यांच्यावर न विचारता टाकले जाई, ते हात आज मोकळे नाहीत. अनेक घरांत एकुलता मुलगा आणि अंथरुणावरची आई एवढेच उरले आहेत. कामाला बाई ठेवता आली तरी तिच्या घरीही एखादी आजारी आई असते, आणि तिथले दळण-पाणी बहुधा तिची मुलगी करते.

म्हणून हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. मराठी मुलाला आईची सेवा शिकवायला आपल्याकडे पुंडलिक आहे आणि श्रावणबाळ आहे. आईचे काम शिकवायला श्याम आहे, पण ते शिकवायचे वय आई धडधाकट असतानाचे असते. तिच्या आजारपणात पहिल्यांदा चुलीपुढे उभा राहणारा मुलगा तिची काळजी वाढवतोच. आईला कोणती भाजी पथ्याला चालते, मोरीतली बादली तिला उचलवते की नाही, तिच्या हातच्या भाकरीचे पीठ किती घट्ट असते, हे ज्याला आधीपासून माहीत आहे, त्याच्याच हाती ती घर निश्चिंतपणे सोपवू शकते.