भविष्यकाळाच्या रूपांची घडण : स्पॅनिश व मराठी – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वडनेर भोलजी (ता. नांदुरा) परिसरातील विद्यार्थी 'तो उद्या येईन' असे लिहितो, तेव्हा आपण लाल शाईने 'येईल' करतो. त्याच्या रूपाला व्याकरण नाही, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्पॅनिशचा दाखला :
लॅटिनमधील जुना भविष्यकाळ लोकबोलीत लोप पावला. त्याच्या जागी मूळ क्रियारूप व 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाचे साहाय्यक क्रियापद अशी जोडरचना रूढ झाली. पुढे ती एकजीव झाली. 'आब्लार' (बोलणे) यास 'हे' जोडून 'आब्लारे' म्हणजे 'मी बोलेन'. आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान ही उर्वरित रूपे होत. 'कोमेर' (खाणे) व 'विविर' (जगणे) यांनाही हेच प्रत्यय लागतात. नेब्रिहा याने 1492 च्या आपल्या व्याकरणात ही जोडणी ओळखली होती. आज जो नियम म्हणून शिकविला जातो, तो एके काळी बोलीतील नवा प्रयोग होता.

मराठीची वाट :
मराठीत जुन्या वर्तमानकाळी रूपांना 'ल' जोडला गेला. 'करी'पासून 'करील', 'करिती'पासून 'करितील' व पुढे 'करतील', 'करिसी'पासून 'करशील' ही रूपे सिद्ध झाली. मूळची रूपे आज रीतिभूतकाळात उरली आहेत. दादोबा पांडुरंग (1836) व मोरो केशव दामले (1911) यांच्या व्याकरणांनी प्रमाण रूपांना शास्त्रीय बैठक दिली. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडीची दखल स्वतंत्रपणे घेतलेली आहे. प्रमाण मराठीत प्रथमपुरुषी एकवचनात 'न' व तृतीयपुरुषी एकवचनात 'ल' येतो. वऱ्हाडीत दोन्हीकडे 'न' आढळतो : मी येईन, तो येईन. हा प्रमाद नसून नियमित रूप आहे.

निष्कर्ष :
परीक्षेत प्रमाण रूप शिकविणे आवश्यकच आहे. तथापि, 'हे चूक' असे म्हणण्याऐवजी 'हे वऱ्हाडी रूप, ते प्रमाण रूप' असे सांगणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. जी प्रक्रिया स्पॅनिशमध्ये प्रमाणत्व पावली, तशाच प्रक्रियेला आपल्या गावी अशुद्ध म्हणणे इतिहासाला धरून नाही. घरची भाषा अशुद्ध आहे असे वारंवार ऐकणारा विद्यार्थी वर्गात बोलेनासा होतो; आणि ही हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.