तलाकचे प्रमाण कशाने घटते? मलाया व सिंगापूरच्या इतिहासातील एक धडा

मुस्लिम समाजातील तलाकचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक मत असे की, आपल्या शरियतमध्ये तलाक सोपा आहे म्हणून संसार मोडतात. दुसरे मत असे की, मुली शिकू लागल्या, ऐकेनाशा झाल्या, म्हणून संसार मोडतात. पूर्वी असे नव्हते. पहिले मत बहुधा समाजाबाहेरचे लोक मांडतात, दुसरे आपल्यातलेच. दोन्ही मते इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

त्यासाठी मलाया द्वीपकल्प व सिंगापूर येथील मलय मुसलमानांचे उदाहरण घेऊ. हे लोक शाफई पंथाचे आहेत. आपल्या कोकणातील मुसलमानही बहुसंख्येने शाफईच आहेत. निकाह, मेहर, इद्दत व तलाक यांसंबंधीचे नियम दोन्हीकडे एकाच फिकहमधून आलेले आहेत. म्हणून तेथील अनुभव आपल्याला परका नाही.

पूर्वीची स्थिती

१९५० च्या सुमारास जगात सर्वाधिक तलाक होणाऱ्या समाजांत मलय समाजाची गणना होत असे. केलांतान व त्रेंगानू या पूर्व किनाऱ्यावरील राज्यांत वर्षाला १०० निकाह नोंदले गेले, तर त्याच वर्षी ५० हून अधिक तलाकही नोंदले जात. सिंगापूरच्या मुसलमानांतही जवळजवळ हेच चित्र होते. याचा अर्थ निम्मी घरे कायमची उद्ध्वस्त होत असा नाही, कारण बहुतेकांचा पुनर्विवाह लवकर होई आणि काही जण आयुष्यात दोन-तीन वेळा तलाक देत. तरीही हे प्रमाण विलक्षणच म्हणावे लागेल.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा काळ काही मुलींच्या उच्च शिक्षणाचा नव्हता. हा खेडेगावांचा, शेतीचा आणि जुन्या चालीरीतींचा काळ होता. मग इतके तलाक का होत?

पहिले कारण विवाहाचे वय. १९४७ च्या सुमारास मलय मुलीचे लग्न सरासरी सतराव्या वर्षाच्या आसपास होई. अनेकींचे त्याहूनही आधी. दुसरे कारण, जोडीदार आईबाप ठरवीत. मुलामुलीची ओळख नाही, मनाचा कौल नाही. त्यामुळे पहिला निकाह पहिल्या काही वर्षांतच, पुष्कळदा मूल होण्याआधीच तुटत असे. तिसरे कारण असे की, तलाक झालेल्या स्त्रीला तेथे कलंक लागत नसे. ती माहेरी परत येई, शेतात कष्ट करी, आणि तिचे दुसरे लग्नही सहज जमे. चौथे कारण काझीच्या दप्तराचे. नवऱ्याने तलाक उच्चारला की काझीने तो नोंदवून घ्यायचा, एवढेच काझीचे काम उरले होते. समेटाची खटपट क्वचितच होई. इद्दत संपली की पोटगीही संपे, आणि लेकुरवाळ्या स्त्रीचे हाल होत.

बदल कसा घडला?

सिंगापूरमध्ये या स्थितीविरुद्ध आवाज उठविला तो स्त्रियांनीच. १९५२ मध्ये तेथे मुस्लिम तरुणींची एक संघटना स्थापन झाली. खतिजुन्निसा सिराज या तिच्या एक संस्थापक होत्या. या भगिनींनी तलाकपीडित स्त्रियांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. पुढे १९५७ मध्ये मुस्लिमांसाठी नवा कायदा झाला आणि १९५८ मध्ये शरियत न्यायालय सुरू झाले. पतिपत्नी दोघांची संमती नसेल तर तलाकचा प्रश्न काझीच्या दप्तरात न मिटता या न्यायालयासमोर जाऊ लागला. तेथे आधी समुपदेशन होई. गरज पडल्यास दोन्ही बाजूंचे हकम, म्हणजे लवाद, नेमले जात. ही योजना काही परदेशातून आणलेली नव्हती. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत पतीच्या व पत्नीच्या घरातून एकेक हकम नेमण्याची शिकवण आहे. तिचाच अंमल न्यायालयाने सुरू केला. पुढील दहा-बारा वर्षांत सिंगापुरातील मुस्लिमांच्या तलाकचे प्रमाण पूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनही खाली आले.

येथे कोणी म्हणेल, तर मग कायद्यानेच काम केले. पण मलायाचा इतिहास याहून अधिक काही सांगतो. केलांतान, त्रेंगानूसारख्या राज्यांत असे नवे कौटुंबिक कायदे १९८० नंतर आले. तलाकचे प्रमाण मात्र तेथे १९५० नंतर हळूहळू, पण सतत उतरत गेले होते. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला. खेडोपाडी शाळा निघाल्या, मुली माध्यमिक वर्गांपर्यंत पोहोचल्या. पुढे त्या शहरात नोकरी करू लागल्या. १९८० च्या सुमारास मलय मुलीच्या विवाहाचे सरासरी वय बावीसच्या पुढे गेले होते. जोडीदार निवडताना तिचे मत विचारले जाऊ लागले. फिकह तोच, काझी तोच. बदलली होती ती मुलगी, आणि तिच्याकडे पाहण्याची आईबापांची दृष्टी. सिंगापुरात न्यायालयाने बदलाचा वेग वाढविला, परंतु त्याच्या मुळाशी शिक्षण व विवाहाचे वाढते वय या गोष्टीही होत्याच.

नाण्याची दुसरी बाजू

इतिहास एकाच दिशेने चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या इंडोनेशियातही १९५० च्या दशकात १०० निकाहांमागे ५० हून अधिक तलाक होत. तेथेही ते घटले. १९७४ च्या विवाह कायद्याने तलाक न्यायालयासमोर आणला. परंतु २००० नंतर प्रमाण पुन्हा वाढले. २०२२ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक घटस्फोट झाले. म्हणजे १०० विवाहांमागे सुमारे ३०. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश पत्नींनी मागितलेले होते. हे प्रमाण जुन्या काळापेक्षा कमीच आहे. पण कारणे निराळी आहेत. पूर्वी कोवळ्या वयातील, न पटलेले लग्न तुटत असे. आता खर्च न देणाऱ्या किंवा छळ करणाऱ्या पतीपासून स्त्री स्वतः सुटका मागते. दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत सर्व धर्मांचे मिळून घटस्फोटित स्त्रीपुरुष सुमारे १३ लाख ६० हजार होते. घटस्फोटाशिवाय विभक्त राहणाऱ्यांची संख्या याच्या दुपटीहून अधिक होती. म्हणजे आकडा लहान असला म्हणून संसार सुखाचे आहेत असे नव्हे. आपल्याकडे तलाकचा कलंक मोठा आहे, म्हणून कित्येक स्त्रिया तलाक नाही, नांदणूकही नाही, अशा अवस्थेत माहेरी दिवस काढतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातील तिहेरी तलाक रद्द ठरविला आणि २०१९ मध्ये त्यावर कायदाही झाला. पण अशा स्त्रीचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

मलय समाजात एक जुनी चाल आहे. निकाहच्या वेळी वर 'तालिक' म्हणतो. पत्नीला ठरावीक काळ टाकून दिले किंवा खर्च दिला नाही, तर तिने काझीकडे जाऊन सुटका मिळवावी, अशी ती अट असते. निकाहनाम्यात अशा अटी घालण्याचा विचार आपल्या जमातीतील जाणत्यांनी जरूर करावा.

परंतु सर्वांत मोठा बोध शाळेचा आहे. नववीपर्यंत वर्गात पुढे असणारी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दिसत नाही. पटावर नाव राहते आणि चौकशी केली की 'चांगले स्थळ आले होते' असे उत्तर मिळते. हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. पालकबंधूंनो, ते स्थळ चांगलेही असेल. पण अपुऱ्या वयाचे आणि न विचारता केलेले लग्न संसार टिकवीत नाही, हे लाखो निकाहांच्या नोंदींनी दाखवून दिले आहे. मुलीला शिकू द्या, तिचे वय होऊ द्या, आणि कबुली घेण्याआधी तिचे मन जाणून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्याचे पती आहात. तलाक हा शब्द उच्चारण्याआधी दोन घरचे दोन शहाणे माणूस बोलावण्याची शिकवण आपल्याच धर्मग्रंथात आहे, हे ध्यानात असू द्या.