ड्रेंथच्या दप्तरातली माणसे

मंडळी, आपल्या हॉलंडच्या उत्तरेकडचा ड्रेंथ प्रांत म्हणजे एकेकाळी ओसाड माळ आणि दलदल. योहानेस व्हान डेन बॉस यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थेने शहरांतल्या गरिबांना शेतीला लावण्यासाठी तेथे वसाहती उभारल्या. १८२० च्या दशकात फेनहाउझेनला अनाथ मुले आणि भिकारी यांची रवानगी होऊ लागली. १८५९ मध्ये तिथला कारभार सरकारकडे गेला. हेच व्हान डेन बॉस १८३० मध्ये डच ईस्ट इंडिजचे गव्हर्नर जनरल झाले आणि जावाच्या शेतकऱ्यांवर त्यांनी सक्तीची पिके लादली.

आसेनच्या अभिलेखागारात या वसाहतींची रजिस्टरे जपून ठेवली आहेत. नाव, जन्म, धर्म, आल्याची तारीख, शिवाय ओळख पटावी म्हणून उंची, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवणसुद्धा! माणसाला काय वाटत होते, याला मात्र रकाना नाही. तरीही अनेक डच कुटुंबे तेथेच आपले खापरपणजोबा शोधतात.

आपल्याही फायली इथल्या सरकारी कपाटांत आहेत: परवाना, पत्ता, मुलांचे जन्म. घर सोडताना काय वाटले, ते त्यांत नाही. ते आईच्या पत्रांत आहे. तेव्हा ती पत्रे रद्दीत टाकू नका, आणि फोटोंच्या मागे नावे व तारखा आजच लिहून ठेवा.